दहापैकी नऊ

रविवारी सकाळी दहाला पाच कमी असताना दाराची कडी वाजली, तेव्हा हिरामण शेजवळ कानाला हेडफोन लावून बसले होते आणि त्या हेडफोनात काहीच येत नव्हतं. येणार कुठून? वायरलेस सेटची वायर त्यांनी स्वतःच महिन्यापूर्वी प्लगमधून काढून ठेवली होती. पण आठ वर्षांची सवय अशी सुटत नाही. रविवारी बुद्धवंदना झाली, चहा झाला, की त्यांचे पाय आपोआप त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळायचे. मालिनीबाई, त्यांच्या पत्नी, हे बघत होत्या आणि गप्प राहत होत्या. हाताखालचा शिष्य गेला म्हणून नवरा खचलाय, अशी त्यांची समजूत होती.

दारात सुनंदा उभी होती. त्याच शिष्याची, अनंता गायकरची बायको. चिखलोलीहून उन्हात चालत आली होती. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत काहीतरी जड. मालिनीबाईंनी पुढे केलेलं पाणी ती उभ्यानेच प्यायली आणि पिशवीतून एक पत्र्याची पेटी काढून तिने टेबलावर ठेवली.

हिरामणनी ती पेटी ताबडतोब ओळखली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून अनंताने केलेला वायरलेस सेट. त्याला हिरवा ऑइलपेंट, आणि दर्शनी बाजूला पांढऱ्या रंगात अनंताच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं : चिखलोली.

"मास्तर, ही जरा खोलून बघाल का?" सुनंदा म्हणाली. "त्या दिवशी ही चालू व्हती का बंद, तेवढाच मना सांगा."

हिरामणनी विचारलं, "का हो वहिनी?"

"गावात बोलतात, दुनियेचे रेडिओ दुरुस्त करायचा नि सोताची पेटी बंद. बंद पेटीत बोंबलत बसला, तवर धाकला भाव मेला, मंग आपन पन गेला. दुकानात आता कोन रेडिओ घेऊन येत नाय. सासरे बोलतात, ही पेटी घरात नको, तलावात टाक. मी बोलली, मास्तरांना दाखवते. मास्तर खोटा नाय बोलायचे. ते बंद बोलले तर मी माझ्या हातान टाकीन."

खरं उत्तर हिरामणकडे तयार होतं. पेटी उघडायचीसुद्धा गरज नव्हती. तरी ते म्हणाले, "ठेवून जा. पुढच्या रविवारी सांगतो."

हे वाक्य बोलताना त्यांना स्वतःची जी शिसारी आली, ती नंतर आठवडाभर गेली नाही.

हिरामण शेजवळ अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. माणूस काटेकोर, इतका की घरातलं घड्याळ रोज आकाशवाणीच्या ठोक्याबरोबर लावून घेणारा. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन त्यांनी चौऱ्याऐंशी साली, चाळिशीत, मोर्सची परीक्षा देऊन मिळवलं. त्याच वर्षअखेरीस भोपाळ झालं. अंबरनाथ-बदलापूरच्या केमिकल कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या सगळ्यांनी तेव्हा धसका घेतला होता. इतरांनी महिनाभर चर्चा केली आणि सोडून दिली. हिरामणनी सोडली नाही. इथले टेलिफोन एरवीच मरतात, संकटात तर नक्कीच मरणार; तेव्हा बंबाला, दवाखान्याला निरोप कोण देणार? मग त्यांनी सात जणांना शिकवलं, परीक्षेला बसवलं आणि हौशी वायरलेसवाल्यांची फळी उभी केली. आपत्कालीन सेवा, फुकट. सरकारी कचेरीत अर्ज दिला, त्याची पोच आली. त्या पोचपावतीला त्यांनी चौकट केली होती.

सातांपैकी एक उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला टेकचंद, ज्याच्या दुकानातून सुटे भाग यायचे. आणि एक अनंता. बदलापूर स्टेशनजवळ रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं त्याचं दुकान, घर चिखलोलीला. जत्रेतल्या नाटकांत काम करायचा. मरायच्या भूमिका हटकून त्याच्याकडे यायच्या, कारण अनंता एकदा मरायला लागला की चार-पाच मिनिटं मरायचा आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

पंचाईत झाली ती सरावापायी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा वाजता सराव असायचा, सगळे एकाच वेळी वायरलेसवर; त्याला ते नेट म्हणायचे. हिरामण प्रत्येकाला बंद पाकीट द्यायचे. पाकिटात एक खोटं संकट लिहिलेलं : अमुक ठिकाणी आग, तमुक ठिकाणी ट्रक उलटला. आपापल्या ठिकाणाहून ते संकट वायरलेसवर कळवायचं. हिरामण मुख्य स्टेशन. तिसऱ्या मजल्यावरचं घर, गच्चीवर उंच अँटेना, त्यामुळे सगळ्यांचं त्यांनाच ऐकू यायचं. ते संदेश वहीत उतरवून घेणार आणि दहापैकी गुण देणार. सुरुवातीला प्रत्येक संदेशाआधी "सराव" असं तीनदा म्हणायचा नियम होता. त्याने झालं काय, की मंडळी बाजाराची यादी वाचावी तशी आग वाचून दाखवू लागली. हिरामणना ते सहन होईना. त्यांनी नियम बदलला. यापुढे सराव हा शब्द काढायचा नाही. खरं वाटेल असंच बोलायचं. आणि देव न करो, खरोखरच काही घडलं, तर आधी "सराव बंद" म्हणायचं, तीनदा. ते शब्द ऐकले की मुख्य स्टेशन सगळं सोडून धावेल. ते शब्द नसतील, तर सराव.

नियम कागदावर चोख होता. हिरामणनी तो टाइप करून सगळ्यांना वाटला होता आणि खाली सही केली होती.

नव्या नियमाने अनंताला तर रानच मोकळं मिळालं. पहिल्याच खेपेला तो वायरलेसवर रडला. "आईच्यान मास्तर, खरं सांगतो, माणसं जळतायत हो!" पाकिटात फक्त गवताची गंजी पेटली होती. सगळे पोट धरून हसले. हिरामणनी आठ गुण दिले आणि शेरा मारला : पदरचे घालू नये.

ब्याण्णव सालच्या मे महिन्यातल्या सरावात अनंताच्या पाकिटात रेल्वे रुळाजवळच्या झोपड्यांना लागलेली आग होती. दहा वाजून सात मिनिटांनी त्याचा आवाज आला.

"मास्तर! मास्तर, चंदू विहिरीत पडला! गाळ काढायला इंजिन आत उतरवलेलं, त्याचा धूर साचलाय खाली. चंदू इंजिन बघायला उतरला नि आडवा झाला. बंब पाठवा, तोंडाला लावायचं ते नळकांडं घेऊन पाठवा!"

हिरामणनी पाकिटांची यादी बघितली. आग. आणि हा विहीर काढतोय. वर सख्ख्या धाकट्या भावाला विहिरीत ढकललंय, नाटक्या कुठला. त्यांना हसू आलं. पण मुख्य स्टेशन हसत नसतं.

"चिखलोली, संदेश ठरल्या नमुन्यात द्या," ते म्हणाले. "काय, कुठे, किती माणसं, काय मदत."

"मास्तर, आईच्यान, खरं आहे हे! दोर टाकलाय, तो धरत नाहीये!"

आईच्यान. पुन्हा तेच. हिरामण त्या दोन शब्दांची वाट बघत राहिले, नियमातल्या. सरावात मुख्य स्टेशनने आठवण करून द्यायची नसते, हाही त्यांचाच नियम. दहा अकराला अनंता पुन्हा बोलला, या वेळी सगळं नमुन्यात : ठिकाण, गायकरांची विहीर, माणूस एक, बेशुद्ध, हवं, बंब आणि श्वासाचं यंत्र. शिकवल्यासारखं, घोटून घेतल्यासारखं. फक्त आवाज फाटत होता. हिरामणनी ते सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि म्हणाले, "संदेश पोचला. छान. आवाज अगदी खरा वाटतो."

दहा सोळाला अनंताने विचारलं, "मास्तर, गाडी निघाली का?"

हिरामण म्हणाले, "चिखलोली, थांबा. मध्ये जांभूळ गावच्या स्टेशनचा संदेश चालू आहे."

दहा अठराला शेवटचा आवाज आला. या वेळी त्यात नाटक मुळीच नव्हतं. "मी उतरतो."

नंतर काही नाही. हिरामणनी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. जाताना मुख्य स्टेशनची परवानगी घ्यायची, हा पहिल्या दिवसाचा धडा, आणि गेला की न सांगता. त्यांनी वहीत शेरा लिहिला, गुण लिहिले. जेवताना ते मालिनीबाईंना म्हणाले, "आज अनंताने कमाल केली."

दुपारी साडेचारला चिखलोलीचा किसन सायकलवरून आला, सुनंदाचा चुलत दीर. जिना चढून त्याला धाप लागली होती. त्याने सांगितलं, मास्तर, अनंता गेला. चंदू पण गेला.

घराखालच्या औषधाच्या दुकानात टेलिफोन होता आणि त्या दिवशी तो चालू होता. बेचाळीस पायऱ्या. बंब वेळेवर पोचला असता का, चंदू वाचला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. पण "गाडी निघाली, तू उतरू नकोस" एवढं एक वाक्य त्या वायरलेसवरून गेलं असतं, तर अनंता काठावर थांबला असता. मास्तरांचं तो ऐकायचा. हिरामणना हे पक्कं ठाऊक होतं, आणि तेव्हापासून रोज कामावर जाताना ते त्या पायऱ्या मोजत होते.

पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहून घेतला. हिरामणना कुणी काही विचारलं नाही. अंत्ययात्रेत ते मागे चालले आणि तोंडाला कुलूप लावून परत आले.

सोमवारी कामावरून आल्यावर त्यांनी पेटी उघडली. जन्मात देवाला न मानलेला माणूस, पण झाकणाचे स्क्रू फिरवताना मनातल्या मनात कुणाची तरी करुणा भाकत होता : आत काहीतरी तुटलेलं असू दे. एखादी वायर, एखादा जळका भाग. म्हणजे मग मी जे ऐकलं ते ऐकलंच नाही, असं तरी म्हणता येईल. कसलं काय! एकेक जोड घासून पुसून चकचकीत. वायरी रंगवार, धाग्याने बांधलेल्या, जशा हिरामणनी शिकवल्या होत्या तशाच. बॅटरी जोडून त्यांनी आपलाही सेट लावला आणि पेटीत हळूच "हॅलो" म्हटलं. त्यांचाच आवाज त्यांच्याच कानावर आदळला, स्वच्छ. त्यांनी घाईघाईने बटण बंद केलं.

बुधवारी मालिनीबाई बाजारात गेल्या असताना हिरामणनी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि माइकची एक वायर सोडवली. बस. एवढंच. झाकण लावलं. आता पेटी बंद होती आणि कुणीही उघडून बघितलं तरी बंदच होती. मग आपल्या त्याच हाताकडे बघत ते बराच वेळ बसून राहिले. मालिनीबाईंनी लक्ष ठेवायला सांगितलेलं दूध स्वयंपाकघरात उतू गेलं, त्याचाही वास त्यांना आला नाही.

शनिवारी संध्याकाळी टेकचंद आला. हातात मिठाईचा पुडा, चेहऱ्यावर मिठाईचा मागमूस नाही. मालिनीबाई आत चहा टाकायला गेल्यावर तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "हिरामणजी, उस दिन मैं भी नेट पे था. अनंता का सिग्नल मेरे को नहीं मिलता, आपको पता है. लेकिन आपका मिलता है."

हिरामणनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"मैंने आपको सुना. 'छान. आवाज खरा वाटतो.' फिर आपने दो बार चिखलोली को बुलाया." टेकचंदने आवाज आणखी खाली आणला. "किसी को बोला नहीं मैंने. बोलूँगा भी नहीं. आप जो बोलेंगे, मैं भी वही बोलूँगा. गुरु हो आप हमारे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हा माणूस पदरात मिठाई घालून खोटं बोलायला तयार झाला होता, आणि तेही आपल्यासाठी. टेकचंद गेल्यावर हिरामणनी पेटी पुन्हा उघडली आणि सोडवलेली वायर पुन्हा जोडली. सोल्डरचा थेंब मोठा पडला. अनंताच्या नेटक्या जोडांमध्ये तो एकच जोड बेंगरूळ दिसत होता. त्यांनी तो तसाच ठेवला.

रविवारी वंदनेला बसले, पंचशील म्हणू लागले. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, त्यांचा आवाज अडकला. मालिनीबाईंनी एकटीने पुढचं पुरं केलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तेव्हा हिरामणनी आधी त्यांना सांगितलं. मालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, नवऱ्याचा धुतलेला शर्ट काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ती आल्यावर वही पण दाखवा. अर्धवट नका सांगू."

सुनंदा दहाच्या सुमारास आली. हिरामण उभे राहिले.

"वहिनी, पेटी चालू होती. अनंताचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. मला तो सराव वाटला. मी कुणालाच कळवलं नाही."

सुनंदा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला अर्थ लागायला वेळ लागला, आणि लागला तो आधी भलत्याच टोकाकडून लागला.

"म्हंजे पेटी चालू व्हती," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क उजेड पडला. मग तो गेला. ती भिंतीला धरून खाली बसली. "सगला ऐकू आला तुमाला?"

"सगळं."

"नि तुमी हितंच बसून व्हता."

"हो. हितंच."

मालिनीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, तर तिने त्यांचा हात हळूच बाजूला केला. मग पेटी पिशवीत भरत ती म्हणाली, "वही घ्या नि चला. जे लिवलंय ता सासऱ्यांसमोर वाचा. मी सांगून कोन ऐकायचा नाय."

चिखलोलीला गायकरांच्या ओटीवर धोंडिबा बसले होते. सत्तरीचा माणूस, एका दिवसात दोन मुलगे गेलेला. मास्तर आले म्हणताना शेजारचे पाच-सहा जण जमा झाले, किसनही त्यांत होता. अंगणाच्या पलीकडे विहीर होती. तिच्या तोंडावर काटेरी झुडपं टाकली होती. सुनंदाने पेटी सासऱ्यांच्या समोर ठेवली. धोंडिबांनी मान फिरवली.

हिरामणनी उभ्यानेच वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. दहा सात. दहा अकरा. दहा सोळा. अनंताचे शब्द आणि आपलेही, काही न गाळता. "छान, आवाज अगदी खरा वाटतो" हेही वाचलं. ओटीवर कुणी हलत नव्हतं. "दहा अठरा. मी उतरतो," एवढं वाचून ते थांबले. पानावर अजून एक ओळ होती. मालिनीबाईंचं वाक्य त्यांना आठवलं.

"परवानगी न घेता नेट सोडले," त्यांनी वाचलं. "आवाज उत्तम. दहापैकी नऊ."

किसन शिवी हासडून पुढे आला. धोंडिबांनी हात वर केला, तसा तो थांबला. म्हाताऱ्याने पेटी स्वतःकडे ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली. पांढऱ्या अक्षरांवरून त्यांचा अंगठा फिरत होता. त्यांना वाचता येत नव्हतं.

"सगला बराबर बोलला ना माझा पोर?" त्यांनी विचारलं. "तुमी शिकवला तसा?"

"हो. माझ्यापेक्षा बरोबर."

"यापेक्षा जास्त कोनाला दिलंय कवा?"

"नाही. आठच्या वर कुणालाच नाही."

धोंडिबांनी मान हलवली. मग वर बघितलं. त्या नजरेत राग असता तर हिरामणना सोसला असता. पण म्हातारा खरोखरच विचारत होता, शाळेत मुलाचा निकाल बघायला आलेल्या बापासारखा.

"मंग मास्तर, यो एक कशाला कापला?"

हिरामणनी तोंड उघडलं. गुण कापल्याचं कारण वहीत लिहिलेलं होतं, नुकतंच वाचूनही झालं होतं. ते त्यांना दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही.